ट्रायक्लोरवर जगात बंदी येतेय, मग इथे भाव उतरतो कसा? आणि आता टाकीत काय भरू?

कुंडईचा लेथवाला

नमस्कार. गोव्यात कुंडई औद्योगिक वसाहतीत माझं छोटं युनिट आहे. चार ऑटो लेथ, सात माणसं. पितळी फेरूल आणि बारीक कनेक्टर करतो. वडिलांनी सुरू केलं, 2019 पासून मी बघतो.

लेथवरून उतरलेला माल तेलात भिजलेला असतो. तो आम्ही पहिल्यापासून ट्रायक्लोरच्या (ट्रायक्लोरोएथिलीन, तेल काढणारं सॉल्व्हंट) व्हेपर डिग्रीजरमध्ये, म्हणजे वाफेने तेल काढणाऱ्या टाकीत, धुतो. खाली हीटर, वर थंड पाण्याची कॉइल, मध्ये वाफेत सोडलेली बास्केट. दहा मिनिटांत माल कोरडा आणि लखलखीत. भर जुलैतही पितळेवर डाग नाही, म्हणून वडिलांचा त्या टाकीवर फार जीव.

गेल्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. पुण्याच्या ज्या पार्टीला मी माल देतो, तिचा माल पुढे जर्मनीला जातो. त्यांनी फॉर्म पाठवला की सहा महिन्यांनंतर तुमच्याकडे ट्रायक्लोर वापरलं जाणार नाही असं सहीशिक्क्यासह लिहून द्या. आणि त्याच आठवड्यात सॉल्व्हंटवाल्याचा फोन: दादा, किलोमागे 11 रुपये उतरलेत, चार ड्रम उचला, पैसे चवथीनंतर द्या.

जगात बंदी येतेय तर माल महाग व्हायला हवा. मग उतरतो का? आणि तोच माणूस म्हणतो की फॉर्मची अडचण असेल तर एनपीबी (एन-प्रोपिल ब्रोमाइड) घ्या, टाकी तीच, हीटर तोच. दुसऱ्या एकाने एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) सुचवलं. माझ्याकडे नवीन मशिनला पैसे नाहीत, पण खोटी सहीही करायची नाही. जाणकारांनी सांगावं.

वेर्णा क्यूसी

मी औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला, आहे, त्यामुळे फक्त एमडीसीबद्दल सांगते. भाऊ, उघड्या टाकीत ते अजिबात घेऊ नका. त्याचा उत्कलनबिंदू 39.6 अंश. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते भांड्यात राहणारच नाही, नुसतं हवेत जाईल आणि तुमच्या माणसांच्या छातीत. शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याला ते जास्तच वाईट.

आमच्याकडे पूर्वी गोळ्यांचं कोटिंग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि एमडीसीमध्ये व्हायचं, आता बहुतेक पाण्यातलं कोटिंग आहे. गोळीत एमडीसी 600 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 600 भाग) वर चालत नाही, क्लोरोफॉर्म 60 च्या वर नाही. तरी औषधाचा मूळ पदार्थ बनवताना एमडीसी अजून लागतं, म्हणून त्याचा बाजार चालूच आहे. पण तिथे बंद रिअ‍ॅक्टर असतो, कंडेन्सर असतो. तुमच्याकडे वरून उघडी टाकी आहे.

डिचोलीचा जुना केमिस्ट

तुझ्या वडिलांच्या वयाचा असेन, म्हणून एकेरीत लिहितो. बत्तीस वर्षं कारखान्यात केमिस्ट होतो, त्यातली शेवटची चौदा वर्षं सॉल्व्हंटची खरेदी माझ्या हातात होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला लांबवर जाऊन द्यावं लागेल, कारण तुझ्या 11 रुपयांचं मूळ तुझ्या पुरवठादाराच्या गोदामात नाही.

ट्रायक्लोर, पर्क (परक्लोरोएथिलीन, ड्रायक्लीनिंगचं सॉल्व्हंट), एमडीसी, क्लोरोफॉर्म ही सगळी क्लोरीनची लेकरं. आणि क्लोरीनचं उत्पादन एकट्या क्लोरीनच्या मागणीवर ठरत नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा मिळतो आणि 1 टन कॉस्टिकमागे सुमारे 0.89 टन क्लोरीन सोबत येतोच, हवा असो वा नसो. साबणाला, कापडाला, कागदाला, अ‍ॅल्युमिनाला कॉस्टिक लागतो. तो पोत्यात भरून ठेवता येतो. क्लोरीन हा विषारी वायू, फार दिवस साठवून बसता येत नाही. मग त्याला घर शोधावं लागतं. सगळ्यात मोठं घर पीव्हीसीचं, आणि एक घर या सॉल्व्हंटचं. कॉस्टिकला तेजी असते तेव्हा गुजरातमध्ये क्लोरीन घेऊन जाणाऱ्याला कारखानाच उलट पैसे देतो, असे दिवस मी स्वतः खरेदीच्या टेबलावर बसून पाहिलेत.

आता याच्यावर बंद्या लाव. युरोपात ट्रायक्लोरच्या वापराला 21 एप्रिल 2016 नंतर स्वतंत्र परवानगी लागते, आणि ती मिळवणं खर्चाचं आणि किचकट. अमेरिकेने एमडीसीवर मे 2024 मध्ये नियम काढला: घरगुती वापर पूर्ण बंद, कारखान्यांतला बहुतेक बंद, आणि जो उरला तिथे कामगाराच्या हवेत आठ तासांची सरासरी 2 पीपीएमच्या आत. त्यांची जुनी मर्यादा 25 होती. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायक्लोरवर सरसकट बंदीचा आणि पर्कच्या बहुतेक वापरावर बंदीचा नियम आला. बॅटरीच्या सेपरेटरसारख्या काही कामांना त्यात जास्त मुदत दिली आहे, त्या सवलतींच्या अटींवर कोर्टकचेऱ्याही झाल्या. पण दिशा एकच.

अशी बंदी गिऱ्हाईक कमी करते. कॉस्टिकचा कारखाना ती थांबवत नाही. एका देशाने दार लावलं की माल दुसऱ्या दारात उभा राहतो, आणि ते दार आपल्यासारख्यांचं असतं. एमडीसीचं उदाहरण घे. श्रीमंत देश ते कमी करत होते, त्याच काळात चीनमधून हवेत जाणारं एमडीसी 2011 च्या सुमारे 2.31 लाख टनांवरून 2019 मध्ये 6.28 लाख टनांवर गेलं. हवेतल्या मोजणीवरून काढलेला आकडा आहे, 2021 मध्ये छापून आला. एमडीसी ओझोनलाही थोडंफार खातं, पण ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारात ते नाही.

ट्रायक्लोरला आणखी एक बाजू आहे. मोठमोठे उत्पादक ते सॉल्व्हंट म्हणून विकायला बनवतच नाहीत. त्यातून गाडीच्या एसीचा 134ए वायू बनतो. तो वायूही आता, एसी-फ्रिजचे असे वायू कमी करण्याच्या किगाली कराराखाली, उतरणीला लागणार. भारताने 2021 मध्ये तो करार मान्य केला. आपल्याकडे 2028 पासून वाढ गोठणार, 2032 पासून कपात, 2047 पर्यंत 85 टक्के. म्हणजे ट्रायक्लोरचा हा खपही आटत जाईल. आज तुला चार ड्रम उधारीवर मिळतायत ते यासाठी की ज्यांच्याकडे ते जायचे ते आता घेत नाहीत.

फॉर्मबद्दल. युरोपचा तो कायदा युरोपात होणाऱ्या वापराला लागतो. कुंडईत धुतलेल्या पितळेला तो थेट लागत नाही. पण मोठ्या कंपन्या आपली स्वतःची यादी करतात आणि ती पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंत पोचवतात. तुझ्या हातात आहे ती यादी. तिच्यावर वकील करून काही होत नाही, ऑर्डर जाते एवढंच.

आता एनपीबी. इथे मला माझं सांगायचं आहे. आमच्याकडे धातू धुवायला कार्बन टेट्राक्लोराइड होतं, आम्ही सीटीसी म्हणायचो. ओझोनसाठी मॉन्ट्रियल करारात ते 1 जानेवारी 2010 पासून आपल्याकडे बंद झालं. दुसऱ्या रसायनाचा कच्चा माल म्हणून आजही बनतं, पण धुण्यासाठी नाही. तेव्हा पर्याय कोणता, यावरची नोट मी लिहिली होती. टाकी तीच, हीटरचं तापमान थोडं बदला, ट्रायक्लोर घ्या. सही माझी. दोनच वर्षांनी, 2012 मध्ये, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ट्रायक्लोर पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध. मूत्रपिंडाचा. त्या टाकीवर काम करणाऱ्यांची नावं मला आजही पाठ आहेत. म्हणून "टाकी तीच, हीटर तोच" हे वाक्य तुझ्या प्रश्नात वाचलं आणि हे सगळं लिहायला बसलो.

एनपीबी म्हणजे क्लोरीनऐवजी ब्रोमीन, बाकी कहाणी तीच. नसांवर जातं, पायांतली ताकद जाते. युरोपने त्याची मुदत 4 जुलै 2020 ला संपवली. अमेरिकेने 2022 च्या सुरुवातीला त्याला घातक वायुप्रदूषकांच्या यादीत घेतलं, 1990 नंतर त्या यादीत पडलेली पहिली भर. तुझ्या पुण्याच्या पार्टीचा पुढचा फॉर्म त्याच्यावरच येणार. पुन्हा तीच पळापळ कशाला?

पाण्यातल्या धुलाईकडे जा. अल्ट्रासोनिक टाकी, सौम्य अल्कलीचा डिटर्जंट, 55-60 अंश, दोन स्वच्छ पाणी, मग गरम हवा. नवीन भारी मशीन लागत नाही, छोटी अल्ट्रासोनिक टाकी आणि ड्रायरपासून सुरुवात होते. पण त्याच्या आधी दोन कामं कर, ज्यांना फार खर्च नाही. एक, माल धुण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव. निम्म्याहून जास्त तेल तिथेच निघतं आणि ते तेल परत वापरता येतं. दोन, लेथचं कटिंग ऑइल बघ. जड, क्लोरीनयुक्त तेल वापरत असशील तर ते पाण्याने सुटता सुटणार नाही. तेलवाल्याला सांग की पाण्याने धुवायचंय, तसं तेल दे. लोक धुलाई बदलायला बघतात आणि तेल तेच ठेवतात, मग म्हणतात पाण्याने साफ होत नाही.

म्हापसा ड्रायक्लीन

काका, मधेच विचारतो. आमच्याकडे लग्नाचे सूट, हॉटेलांचे पडदे येतात. पेट्रोल-टर्पेंटाइनवर काम चालतं. इटलीतलं जुनं पर्कचं मशीन स्वस्तात मिळतंय, बंद ड्रमचं, डिस्टिलेशन आतच. आगीची भीती नाही. घेऊ का?

डिचोलीचा जुना केमिस्ट

स्वस्त का मिळतंय ते तुला आता कळलं असेल. कॅलिफोर्नियात ड्रायक्लीनिंगमधलं पर्क 1 जानेवारी 2023 पासून बंद झालं, अमेरिकेच्या नव्या नियमात ड्रायक्लीनरना दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने सोडायचंय, फ्रान्समध्ये राहत्या इमारतींना लागून मशीन चालत नाही. तिथली निघालेली यंत्रं कुठेतरी येणारच. बंद मशीन उघड्यापेक्षा कितीतरी बरं, हे खरं. पण तुझ्या दुकानावर माणसं राहतात का? आणि खाली विहीर आहे का? दोन्हीपैकी एकाचं उत्तर हो असेल तर मी घेणार नाही. पाण्यातलं वेट क्लीनिंग पडद्यांना छान चालतं, सुटांना इस्त्रीची मेहनत वाढते.

कुंडईचा लेथवाला

काका, मन लावून लिहिलंत, खूप आभार. सेंट्रिफ्यूज मी आजच विचारला.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली, कारण मला ती संबंधित वाटली नव्हती. टाकीवर माझा एक माणूस आहे, नऊ वर्षं आहे. तो संध्याकाळी थोडी फेणी घेतो. गेलं वर्षभर म्हणतो की एक पेला घेतला की चेहरा, मान, छाती लालभडक होते, चट्टे येतात, अर्ध्या तासात जातात. त्याला वाटतं फेणीत भेसळ आहे. त्याने तीन ठिकाणची बदलून पाहिली. रविवारी होत नाही म्हणतो. याचा टाकीशी संबंध असू शकतो का?

डिचोलीचा जुना केमिस्ट

रविवारी होत नाही, यातच उत्तर आलं. फेणीचा दोष नाही. ट्रायक्लोर अंगात असताना दारू घेतली की असंच होतं. इंग्रजी पुस्तकांत याला डिग्रीझर्स फ्लश असंच नाव आहे, डिग्रीजरवाल्यांची लाली. चट्टे स्वतः जातात, पण ते सांगतायत की त्याच्या श्वासात रोज पुष्कळ ट्रायक्लोर जातंय. त्याला या आठवड्यातच टाकीवरून काढ, पगार कमी न करता. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) घेऊन जा, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या करून घे, आणि डॉक्टरांना रसायनाचं पूर्ण नाव लिहून दे: ट्रायक्लोरोएथिलीन, नऊ वर्षं. नुसतं "केमिकलचं काम" सांगितलं तर कुणाला बोध होणार नाही.

त्याच्या जागी नवा मुलगा उभा करणार असशील तर हेही वाच. आशियाई लोकांत काहींना, विशिष्ट जनुक असलेल्यांना, ट्रायक्लोर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप आणि अंगभर पुरळ येतं, लिव्हर सुजतं. चीनमध्ये यात माणसं गेली आहेत. नव्या माणसाला महिन्याभरात असं काही झालं तर तो गोवर किंवा उष्णता समजून घरी झोपवू नकोस.

आपल्या 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या परिशिष्टात ट्रायक्लोरची मर्यादा 50 पीपीएम होती. अमेरिकेच्या 2024 च्या नियमात जिथे काही काळ वापर चालू द्यावा लागला, तिथे 0.2 पीपीएम. अडीचशे पटींचा फरक. कागदावर कायदेशीर असूनही तुझा माणूस आजारी पडू शकतो, तो याच फरकामुळे.

पाण्याची धुलाई सुरू होईपर्यंतचे जे महिने आहेत, त्यात हे करच. टाकीवरचा पंखा बंद कर. पंख्याने बरं वाटतं, पण तो वाफेचा थर ढवळून बाहेर काढतो. बास्केट हळू वर घे, मिनिटाला 3 मीटरपेक्षा कमी, आणि कॉइलच्या वर थोडा वेळ थांबव. कॉइलचं पाणी चालू झाल्याशिवाय हीटर नको. काम नसताना झाकण. शेजारी वेल्डिंग असेल तर ते हलव, वेल्डिंगच्या उष्णतेने ट्रायक्लोरच्या वाफेतून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. रुमाल बांधून काही थांबत नाही, सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

आणि तळाचा गाळ. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी ज्या कारखान्यात होतो तो एका सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, होता. टाकीचा गाळ शेडच्या मागे चिऱ्याच्या खड्ड्यात ओतायचे, दर शनिवारी. मी नवीन होतो, विचारलं, तर म्हणाले उडून जातं. वरचं उडतं. बाकीचं पाण्यापेक्षा दीडपट जड, ते खालीच जातं. आपला जांभा तुला माहीत आहे, चाळणीसारखा. सड्यावर जे ओताल ते खालच्या झरीत निघतं. आमच्या सड्याखाली एक कुळागर होतं, पोफळी, मिरी, वेलची, आणि बारमाही झर. त्या घरातली म्हातारी एकदा आमच्या गेटवर आली, पितळी तांब्यात पाणी घेऊन. म्हणाली, वास बघा. गोडसर वास होता. मी ओळखला. मी काही बोललो नाही. नोकरीला आठ महिने झाले होते. पुढे मी तो खड्डा बंद करायला लावला, पण तोपर्यंत सहा पावसाळे गेले होते.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरला 5 मायक्रोग्रॅम एवढीच मुभा आहे. हिशोब कर. एक लिटर ट्रायक्लोर म्हणजे 1.46 किलो, ते 29 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेतं. एका लिटरने! तिथल्या कॅम्प लेजून या लष्करी तळावर 1953 ते 1987 लोक असं पाणी प्यायले. एका भागातलं पर्क शेजारच्या ड्रायक्लीनरकडून आलं होतं. म्हापशाच्या भावाला मी विहिरीचं विचारलं ते त्यासाठी. जमिनीत ट्रायक्लोर मुरल्यावर हळूहळू तुटतं, पण वाटेत त्याचं व्हिनाइल क्लोराइड होतं, आणि तेही पहिल्या गटातलं.

तुझा गाळ कुठे जातो?

कुंडईचा लेथवाला

काका, गाळ गेली काही वर्षं आम्ही ड्रममध्ये भरून ठेवतो, पाच ड्रम मागे आहेत. त्याआधी काय व्हायचं ते काल वडिलांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मागच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणाच्या कडेला.

गडग्याच्या खाली उतारावर एक घर आहे, त्यांची विहीर आहे. मी लहान असताना तिथे पाणी प्यायलो आहे.

आज हे केलं: सॉल्व्हंटवाल्याला नको सांगितलं. माणसाला टाकीवरून काढलं, गुरुवारी गोमेकॉत नेतोय. पुण्याच्या पार्टीला खरं लिहिलं की अजून वापरतोय, आणि पाण्याची धुलाई आणायला आठ महिने मागितले. त्यांचं उत्तर यायचंय. संध्याकाळी खालच्या घरी जाऊन सांगून आलो. घरातल्या बाईंनी चहा दिला, आणि तो त्याच विहिरीच्या पाण्याचा होता.

पाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते सांगा. प्लास्टिकची बाटली चालेल का? आणि पावसाळ्यात पितळ काळं पडू नये म्हणून काय करू?

डिचोलीचा जुना केमिस्ट

प्लास्टिक नको. 40 मिलीच्या काचेच्या बाटल्या, आतून टेफ्लॉन लावलेलं झाकण. प्रयोगशाळाच देते, मागून घे, आणि व्हीओसीसाठी, म्हणजे उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांसाठी, हव्यात असं सांग. बाटली काठोकाठ भर, झाकण लावून उलटी कर, आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुड्यात ते निघून जातं आणि अहवाल खोटाच चांगला येतो. वरवरचं पाणी घेऊ नकोस, हे जड असतं. तळाजवळून घे, बादली आपटून नको, हळू. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचव. आता एकदा, आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा एकदा. अहवाल येईपर्यंत त्या घराला नळाचं पाणी टँकरने दे, चहालाही. विहिरीचं पाणी उकळायला सांगू नकोस, बंद स्वयंपाकघरात ती वाफ माणसांनाच मिळेल.

ड्रम पाच असतील तर ते घातक कचरा साठवण्याच्या 90 दिवसांच्या मुदतीबाहेर गेलेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाला स्वतःहून लिहून कळव, मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) करून अधिकृत ठिकाणी पाठव. गडग्यापाशी काय झालं तेही त्याच पत्रात लिही. लिहिताना अडलास तर मला पाठव, मी मसुदा बघतो.

पितळेला शेवटच्या पाण्यात बेंझोट्रायाझोल, अगदी थोडं. आणि शेवटचं पाणी क्षाररहित हवं, नाहीतर सुकताना ठिपके राहतात. धुतलेला माल गरम हवेतून निघाल्याबरोबर पिशवीत, तिथेच. शेडमध्ये रात्रभर ठेवलास तर जुलैत डाग पडणारच.

वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांच्यावर रागावू नकोस. गुरुवारी गोमेकॉतून काय निघालं ते इथे लिही.